कराई तेओफिलोची आठ वाक्यं

कराई तेओफिलो (कराई म्हणजे आमच्या बोलीत ‘राव’) गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. एका दमात वीस आकडे, मध्येच कुणाच्या तरी सासूला टोमणा. गाय घ्यायची नसली तरी लोक ऐकायला थांबत. लिहितावाचता मात्र येत नव्हतं. त्या बाबतीत आम्ही दोघं शेजारी एकाच बाकावरचे.

मग झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं शाबूत होतं. मी रोज सकाळी चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, घेऊन जायची, म्हणून सांगते. एखादा चिपा आतून कच्चा निघाला की तो उचलून परत माझ्या टोपलीत टाकायचा.

त्याची पुतणी निमिया शाळेत शिकवते. तिनं संगणक आणला आणि त्यात आठ वाक्यं बसवली. कीबोर्डावरचं उजवीकडचं ऑल्ट बटण डाव्या अंगठ्यानं दाबायचं, सोबत रंगीत ठिपक्याचं एक बटण. की मशीन बाईच्या आवाजात बोलायचं. ठिपके माझ्या नातीच्या नेलपॉलिशचे. लाल म्हणजे पाणी, हिरवा म्हणजे कुशीवर वळवा, निळा म्हणजे ‘नाही’. जांभळा त्यानं खाणाखुणा करून मागून घेतला : ‘पुढचं गिऱ्हाईक!’ पाद्री आशीर्वाद लांबवायला लागले की जांभळा.

तीन वर्षं चाललं. गेल्या उन्हाळ्यात मशीन मुकं झालं. निमिया प्रशिक्षणाला परगावी गेलेली. नेमकी तेव्हाच त्याची मुलगी सेल्वा राजधानीतून, असुन्सियोनहून आली, वृद्धाश्रमाचे कागद घेऊन.

“पप्पा, तिथं नर्स आहेत, सोबत आहे. जायचं ना?”

त्यानं आडवी मान हलवली. अंगठा टेकवला, निळा दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला. पडद्यावर काहीबाही उघडलं, तेवढंच.

सेल्वानं दुरुस्तीवाल्या रीचारला बोलावलं. त्यानं डाव्या हातानं डावीकडची दोन बटणं धरली आणि उजव्या हातानं निळा दाबला. “नाही,” मशीन ठणठणीत बोललं. आठही बोलली.

“मशीनला काही झालेलं नाही, बाई. आजोबांचंच...” त्यानं बोट कपाळाशी नेलं.

कराईनं टेबलावर मूठ आपटली. सेल्वाचे डोळे भरले. “बघितलंत मावशी? आता आदळआपटही करायला लागलेत.”

मी तिथंच होते. इतकी वर्षं त्याला ओळखणारी मी, काय म्हणाले असेन? “देवाची इच्छा, पोरी.” मंगळवारी त्याला नेलं.

शनिवारी निमिया परतली. सगळं ऐकून घेतलं, मग एक हात पाठीमागे धरून त्याच्यासारखी मशीनपुढे बसली. दाबलं. मशीन गप्प.

“मावशी, कीबोर्ड इंग्रजी झालाय! काकाचं बोट घसरून भाषा बदलायची बटणं दाबली गेली असणार. स्पॅनिशमध्ये हे उजवं ऑल्ट एकटंच कंट्रोल आणि ऑल्ट अशा दोन बटणांचं काम करतं, इंग्रजीत करत नाही. रीचारनं डावीकडची ती दोन्ही धरली, म्हणून त्याचं चाललं.”

“म्हणजे दोन हातवाल्याला बिघाड दिसलाच नसता.”

“नसताच.”

डोळ्याचं पातं लवेपर्यंत तिनं ते ठीक केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही मशीन मांडीवर घेऊन असुन्सियोनची बस धरली.

कराई वाळला होता. त्यानं एकेक करून आठही ठिपके दाबले आणि हात तसाच ठेवून आमच्याकडे बघत राहिला. तेव्हा लक्षात आलं, त्यात ‘घरी न्या’ नव्हतंच. घरात बसलेल्या माणसाला ते कशाला लागणार? निमियानं विचारलं, “घालू?” त्यानं डोळे मिटून होकार दिला. तिनं नववं बसवलं, मी ठिपका लावला.

सेल्वा आली तेव्हा त्यानं तो दाबला. “मला घरी न्या.”

सेल्वा निमियाकडे वळली. “हे तू घातलंस.”

“काकानं मागितलं.”

“कसं मागितलं? बोलता येतं त्यांना? तुम्ही भराल तेच हे मशीन बोलणार.”

त्यानं पुन्हा दाबला. पुन्हा. सेल्वा पाठ फिरवून डॉक्टरांकडे गेली. बाकीची म्हातारी झोपलीत म्हणत सिस्टरनं मशीनचा आवाज बंद केला. आम्ही बससाठी निघालो, तरी तो दाबतच होता.