रॅम स्वस्त होईपर्यंत
विश्रामबागेत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणदेशी गृहस्थ होता. त्याच्या शर्टाच्या खिशात एकच स्क्रू-ड्रायव्हर असे, बाकीची हत्यारं मागच्या कपाटात. "मशीनबी असंच करतंय, सर. रोजचं हाताशी, रॅममधी; बाकीचं लांब, डिस्कवर." एवढं सांगेपर्यंत त्याच्या ब्रशनं माझ्या कॉम्प्युटरमधली धूळ झाडूनही झाली होती.

निवृत्तीनंतर मला पुस्तक लिहायचं होतं आणि मशीन फार रेंगाळायचं. मी रॅमची नवी पट्टी मागितली.

"आत्ता नगा घेऊ. भाव उतराय लागल्यात. थांबा जरा."

विकणाराच घेऊ नका म्हणतोय म्हटल्यावर मी थांबलो. पुस्तकही थांबलं.

पाच वर्षांनी गेलो, तर त्यानं मला ओळखलं नाही. झाकण उघडल्यावर मात्र आतल्या वायरीला त्यानंच बांधलेला लाल दोरा दिसला.

"आवं, तुमी व्हय!"

"भाव उतरले का?"

"लय उतरले. पण तुमच्या मशीनला बसणारी पट्टी यायची बंद झाली."

"तुम्हीच थांबा म्हणाला होतात."

त्यानं खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरनं झाकण पुन्हा बसवलं.

"म्हणलं व्हतं, सर. पण इतकं न्हाई."