कोणी विचारलं तरच

समोरच्या बिल्डिंगमधल्या त्या अमेरिकन मुलाइतका सगळ्यांच्या उपयोगी पडलेला आणि स्वतःच्या कामात इतका सपशेल नापास झालेला माणूस अख्ख्या मुलुंड पूर्वेत दुसरा झाला नसेल. मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा नापास होणारे मला नवे नाहीत. पण नापास होणारा कुठे ना कुठे टाळाटाळ करतोच, असा माझा अनुभव. यानं कधी केली नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला तो आमच्याकडे आला. वय वीस, उंची सहा फुटांच्या वर, पांढरा हाफ शर्ट, काळा टाय, आणि उन्हानं रताळ्याच्या सालीसारखा झालेला चेहरा. मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचा धर्मसेवक म्हणून दोन वर्षांसाठी घर सोडून निघालेला. नाव विचारलं की 'एल्डर' म्हणायचा आणि पुढे एक आडनाव लावायचा, ते आमच्यापैकी कोणाच्याच जिभेवर बसलं नाही. मी शब्दकोश काढून पाहिला, तर एल्डर म्हणजे वडीलधारा. ज्याला अजून धड मिसरूड फुटलेलं नव्हतं त्याला सगळी बिल्डिंग वडीलधारा म्हणत होती, आणि बिल्डिंगमधले खरे वडीलधारे त्याच्याकडून गॅसचं सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवून घेत होते.

त्याची अडचण अशी, की त्याला आपला धर्म आपणहून सांगायची मनाई होती. परदेशी माणसानं इथे येऊन प्रचार करायचा नाही, कोणी विचारलं तरच उत्तर द्यायचं, असं त्याला बजावलेलं होतं, आणि दिलेला शब्द तो अक्षरशः पाळायचा. म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडून आलेला हा मुलगा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरायचा आणि कोणी विचारेल म्हणून वाट पाहायचा. लोक विचारायचे. विचारण्यात मुलुंडचे लोक कमी नाहीत. वडील काय करतात, बहिणी किती, त्यांची लग्नं झाली का, तिकडे थंडी किती पडते, गाईचं खातोस का, व्हिसाचा फॉर्म भरता येतो का. तो प्रत्येकाला खरं उत्तर द्यायचा आणि उत्तर संपल्यावर क्षणभर थांबायचा, अजून एखादा प्रश्न येईल म्हणून. अजून एक प्रश्न यायचाही. टाकीत पाणी चढलेलं नाही, दोन बादल्या वर आणून देतोस का, असा.

चहा तो पीत नसे. त्यांच्यात चहा-कॉफी चालत नाही. पण चहाला नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे एक तर रागावलेला असतो नाहीतर आजारी, त्यामुळे पहिले दोन महिने घरोघरी त्याच्या पोटाची चौकशी झाली आणि त्याला ओव्याच्या पुड्या मिळाल्या. त्या त्यानं आभार मानून खाल्ल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याचा उपवास असायचा, हे कळल्यावर मात्र बायकांमध्ये त्याचा भाव वधारला. सेक्रेटरींच्या बायकोनं कौतुकानं साबुदाण्याची खिचडी पाठवली. तो म्हणाला, उपवास आहे. ती म्हणाली, उपवासाचीच आहे. तो म्हणाला, उपवास म्हणजे खायचं नाही, पाणीसुद्धा नाही. ही व्याख्या आमच्या बिल्डिंगला फार कडक वाटली. त्याचे वडील आयडाहो नावाच्या भागात बटाटे पिकवायचे, त्यामुळे बटाटा हातात घेऊन, नखानं साल खरवडून तो किती महिने शीतगृहात होता ते हा सांगू शके. बाजारात जाताना बायका त्याला बरोबर नेऊ लागल्या. भाजीवाले त्याला लांबून पाहिलं की बटाट्याच्या गोणीवर फडकं टाकत.

मराठी तो दोन ठिकाणी शिकत होता. आठवड्यातून तीन संध्याकाळी माझ्याकडे, आणि उरलेल्या वेळी मैदानातल्या क्रिकेटच्या पोरांकडे. दोन्ही मराठींमधला फरक त्याला बरेच दिवस कळला नाही. तळमजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा तो आपल्याबरोबरच्या दुसऱ्या धर्मसेवकाला, जोडीदाराला घेऊन भेटायला गेला, आजींसमोर मान खाली घालून उभा राहिला, आणि अगदी मनापासून म्हणाला, "आजोबांची वाट लागली. मला फार दुःख झालं." खोलीत कोणाला हसायची सोय नव्हती. आजींना ऐकू कमी येत होतं म्हणून बरं. त्यांनी नुसतं त्याच्या हातावरून हात फिरवला.

माझ्याकडे शिकायला येताना तो एकटा कधीच नसे. त्यांच्या नियमाप्रमाणे दोघांनी सतत बरोबर राहायचं. जोडीदार कोईमतूरकडचा, अबोल. तो दाराजवळच्या खुर्चीत बसून त्यांचं धर्मपुस्तक उघडायचा आणि तिसऱ्या मिनिटाला डुलक्या घ्यायचा. शिकवणीबद्दल मी काही घेत नव्हते, अशी माझी ख्याती झाली होती. ती खरी नव्हती. माझा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याला अमेरिकेला जायचं होतं. माझा तास संपला की हा अर्धा तास त्याच्याशी इंग्रजी बोलायचा, त्याचे अर्ज तपासायचा. याचे मामा तिकडे एका कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांना यानं तीन पत्रं लिहिली. त्यांनी शब्द टाकला, राहायची जागा पाहून दिली, आणि मुलाचं काम झालं. तिकडे गेल्यावर त्या मामांना निदान एक पत्र टाकलंस का, असं मी मुलाला पुढे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो 'टाकतो' म्हणाला.

आता जे सांगते ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बोलायला बरं जमू लागल्यावर मी त्याला निबंध द्यायला सुरुवात केली. माझी शाळा, माझा गाव, असे पाचवी-सहावीचे विषय. एकदा 'माझा भाऊ' दिला. त्यानं दीड पान लिहून आणलं. मी स्वयंपाकघरात कुकर लावून, लाल पेन घेऊन बसले. ह्रस्व-दीर्घ तसे ठीक होते, पण लिंगाचा घोळ कायमचा. भाऊ आठ वर्षांची होती, भाऊला कुत्रा आवडत होती, असं चाललेलं. शेवटच्या परिच्छेदात होतं, 'मी ट्रॅक्टर धुत होतो. भाऊ कालव्यात बुडली. मी नंतर पळालो.' मी 'बुडली'वर काट मारली, समासात लिहिलं, 'भाऊ पुल्लिंगी. बुडाला. दहा वेळा लिही.' आणि दहापैकी सहा गुण दिले. पुढच्या तासाला त्यानं वही आणली. 'माझा भाऊ कालव्यात बुडाला' हे वाक्य त्यानं त्याच्या उभ्या, सुबक अक्षरात दहा वेळा एकाखाली एक लिहिलं होतं. मी खाली बरोबरची खूण केली. खूण करता करता माझा हात थांबला खरा. मी वर पाहिलं, तर तो नेहमीसारखाच बसला होता, मी काही विचारेन म्हणून वाट पाहत. मी म्हटलं, "आता चुकणार नाहीस." तो म्हणाला, "नाही बाई." आणि आम्ही पुढचा धडा घेतला.

त्याचे दिवस संपत आले तेव्हा त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं. त्यांची सात-आठ माणसं दर रविवारी घाटकोपरला एकाच्या घरी जमत. शेवटच्या रविवारी तो तिथे मराठीत बोलणार होता. जमणाऱ्यांमध्ये मराठी कोणीच नव्हतं, सगळे दक्षिणेकडचे. "तुम्ही याल का, बाई?" तो म्हणाला. "तुम्ही आलात तर कोणाला तरी कळेल." मी हो म्हटलं. तोंडदेखलं नव्हे, मला जायचंच होतं.

रविवारी सकाळी मी निळी साडी नेसले. आमचे हे पेपर वाचत होते. ते एवढंच म्हणाले, की जायचं तर जा, पण मुलासाठी स्थळं सांगून येताहेत, लोक चार गोष्टी बोलतात, ते लक्षात असू दे. तोवर आमच्याकडे कुजबुज सुरू झालेली होतीच, की गोरा बाटवायला आलाय आणि बाईंपासून सुरुवात करतोय. दीड वर्षात त्यानं सिलिंडराशिवाय कोणाला हात लावलेला नव्हता, हे कुजबुजणाऱ्यांनाही माहीत होतं. मी जिना उतरले, तर खाली सेक्रेटरींची बायको उभी. एवढ्या सकाळी नटून कुठे, असं तिनं विचारलं. घाटकोपरला, हे सहा अक्षरांचं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हटलं, भाजी आणायला. आणि एकदा तसं म्हटल्यावर मी खरोखरच बाजारात गेले. मेथीच्या दोन जुड्या आणि मटार घेतले, घरी आले, साडी बदलली आणि मटार सोलत बसले. मटार संपेपर्यंत घाटकोपरचं सगळं आटपलं असणार, असा हिशेब मनात चालला होता.

सोमवारी तो नेहमीच्या वेळी आला. मी त्याला दारातच सांगितलं, की काल ताप भरला होता, अजून कणकण आहे. त्यानं क्षणभरसुद्धा शंका घेतली नाही. गेला आणि पंधरा मिनिटांत चार मोसंबी घेऊन परत आला. मग म्हणाला, हरकत नसेल तर तुमच्यासाठी प्रार्थना करतो. मला नाही म्हणता येईना. तो आणि जोडीदार खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. ते आपल्यासारखे हात जोडत नाहीत. आम्ही शाळेत पोरांना गप्प बसवताना करायला लावतो तशी छातीशी हाताची घडी घालतात आणि मान खाली घालतात. मीही डोळे मिटले. तो मराठीत बोलू लागला, हळू, एकेक शब्द तपासून.

"स्वर्गातल्या बापा, बाईंना ताप आला आहे. त्यांनी मला बोलायला शिकवलं. त्यांना बरं कर. त्यांचा मुलगा लांब जाणार आहे, त्याला सांभाळ. त्या काल येऊ शकल्या नाहीत. त्याचं त्यांना वाईट वाटत असेल, तर ते त्यांच्या मनातून काढून टाक."

मी डोळे उघडले नाहीत. बत्तीस वर्षांत माझ्यासमोर कोणी इतकं शुद्ध मराठी बोललं असेल असं मला वाटत नाही, आणि मी ते अंग अजिबात गरम नसताना ऐकत होते. त्याला सगळं कळलं होतं की काही कळलं नव्हतं, हे मी तेव्हाही ओळखू शकले नाही. प्रार्थना संपल्यावर त्यानं मोसंबी टेबलावर नीट मांडून ठेवली, रस काढून घ्या म्हणाला, आणि दोघं निघून गेले.

त्याच आठवड्यात तो परतीच्या विमानात बसला. निरोप द्यायला बिल्डिंगमधली झाडून सगळी माणसं खाली उतरली, बायकांनी डोळे पुसले, सेक्रेटरींनी शालश्रीफळ दिलं आणि आता सिलिंडर कोण चढवणार म्हणून विनोद केला. सगळे हसले. तोही हसला. जोडीदार पुढे महिनाभर इथेच होता. तो एकदा बाजारात भेटला तेव्हा त्या रविवारचं मी हळूच विचारलं. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यानं सांगितलं, की एल्डर अर्धा तास फाटकापाशी थांबला होता, त्यामुळे सभा उशिरा सुरू झाली. मग तो वीस मिनिटं मराठीत बोलला. कोणाला काही कळलं नाही, पण सगळे शेवटपर्यंत बसून राहिले. माझ्याकडच्या खुर्चीत बसून या जोडीदाराला जे दोन-चार मराठी शब्द आले होते, त्यातला फक्त 'भाऊ' त्याला ऐकू आला. तो मात्र खूपदा आला, म्हणाला.

पुढे दोनेक महिन्यांनी आयडाहोहून पत्र आलं. देवनागरीत, उभ्या अक्षरात. बटाट्याची काढणी चालू आहे, आई विमानतळावर मला सोडेचना, मराठी बोलायला कोणी नाही म्हणून मी ट्रॅक्टरवर एकटाच बोलतो, असं काहीबाही. धर्माचं एक अक्षर नव्हतं, कारण मी काही विचारलेलं नव्हतं. शेवटी मात्र त्यानंच मला विचारलं होतं, 'बाई, तो ताप पुन्हा आला नाही ना?'

उत्तर लिहायला मला चार दिवस लागले. तीन कागद फाडले. चौथ्यावर शाळेचं, मुलाच्या प्रवासाच्या तयारीचं, आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं सगळं सविस्तर लिहिलं, आणि खाली लिहिलं, की ताप पुन्हा आला नाही, तू काळजी करू नकोस.