शिवांगीनं वाचलेलं पत्र

केवळाबाई कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात अठरा वर्षांपासून सरकारी शाळेची खिचडी शिजवते. आली तेव्हा अंगठेबहाद्दर होती. ती तांदूळ निवडत बसली की आदिनाथ गुरुजींनी पहिलीच्या पोरांबरोबर तिलाही बाराखडी शिकवली. त्यामुळं शाळेला कुणी नावं ठेवली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

त्या दिवशी ग्रामसभेत ग्रामसेवकानं पत्र आणलं. पट सतरावर आलाय. शाळा बंद करून पोरं चार किलोमीटरवरच्या गावी धाडायची.

"होऊ द्या बंद," सरपंच अण्णाराव म्हणाले. "कोण शिकून राहिलंय तिथं? ज्याला झेपतं त्याची पोरं पिवळ्या गाडीनं कंधारच्या इंग्रजी शाळेत जातेत."

केवळाबाई ताडकन उठली. "आमची लेकरं काय बिनडोक हायत? शिवांगे, ये हिकडं. वाच हे पत्र."

शिवांगी पाचवीत, दरसाल पहिला नंबर. तिनं कागद धरला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "माळावर एक मोठं झाड होतं. झाडावर खूप पाखरं राहत होती..."

केवळाबाईनं तिच्या खांद्यावरून पत्रात डोकावलं. तिथं ना झाड, ना पाखरं. पोरगी पुस्तकातला धडा पाठ म्हणत होती.

"पोरी, हा शब्द कोणता?" केवळाबाईनं 'शाळा'वर बोट ठेवलं.

शिवांगीनं कागद उलटून पाहिला. "मावशी, हे पान आमच्या पुस्तकात न्हाई."

केवळाबाईनं गुरुजींकडं पाहिलं. "गुरुजी, माझ्यासारख्या बाईला तुम्ही वाचाया शिकवलंत. मग ह्या लेकरानं काय पाप केलं?"

गुरुजींची मान खालीच. "तेव्हा आम्ही चौघं होतो. आता पाच वर्ग आणि मी एकटा. वरून सर्वेक्षणं, मतदार याद्या, मोबाइलवर माहिती भरणं. ही घडाघडा म्हणायची, मी नंबर देऊन टाकायचो."

"बघा, मी काय म्हणत होतो!" अण्णाराव म्हणाले.

"चार किलोमीटर, मधी ओढा. पोरीला कोण धाडंल?" केवळाबाई बायांकडं वळली. "शाळा बंद करायला न्हाई, मास्तर मागायला सह्या करा."

अण्णारावांनी सही केली नाही. तेवीस बायांनी केली. केवळाबाईनं कंधारच्या कचेरीत पाच खेपा घातल्या. दिवाळीनंतर आठवड्यातून तीन दिवस एक नवीन बाई येऊ लागल्या, मंजुश्री मॅडम. शाळा बंद करायचं वर्षभर लांबलं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना वाचायला लावलं. सतरांपैकी चौघांनाच आलं.

ऐकून केवळाबाई चुलीपाशी मटकन बसली. अठरा वर्षं तिनं एकेका पोराचं ताट रिकामं झालं का ते पाहिलं होतं. वही कधी उघडून पाहिली नव्हती.