खांबेटे डॉक्टर आणि काहीच न झालेला घोडा

खांबेटे डॉक्टरांना कुठलीही बातमी सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "किती वाजता?"

बँकेच्या बदलीवर मी पुण्याहून कलकत्त्याला आलो आणि बेहाला नावाच्या उपनगरात त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. ओळख करून देताना म्हणालो, "माझी इथल्या शाखेत बदली झाली."

"किती वाजता?"

मी गोंधळून म्हणालो, "ऑर्डर साडेअकराला हातात पडली."

त्यांनी मान हलवली. उत्तर समाधानकारक असावं. पुढे माझ्या मुलीचा ताप, गेलेली वीज, समोरच्या घोषबाबूंच्या मुलीचं मोडलेलं लग्न, या सगळ्यांची वेळ विचारून झाल्यावरच ते हळहळत.

डॉक्टर घोड्यांचे होते. सगळी नोकरी सैन्यात झाली, शेवटची नेमणूक कलकत्त्याजवळ बराकपूरला. निवृत्तीनंतर पुण्याला परतायचा विचार होता. पण त्यांच्या पत्नी, शांताकाकू, जन्मापासून कलकत्त्याच्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या." त्यामुळे तो प्रश्न मिटला. बेहालात घोडे फारसे नव्हते, म्हणून डॉक्टर गल्लीतली कुत्री आणि गवळ्यांच्या म्हशी पाहत. कुत्र्यांना ते 'लहान पेशंट' म्हणत. माणसांना 'इतर'.

त्यांचं एक वाक्य मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. कुणी म्हणालं, "डॉक्टर, तसा ठीक दिसतोय हो," की ते म्हणत, "ठीक दिसणं हे लक्षण नाही. आजाराचंही नाही आणि बरं असण्याचंही नाही."

बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. एका रविवारी सकाळी सातच्या सुमारास युनूसमियाँ दारात उभे राहिले. त्यांची शहरातल्या मोठ्या मैदानाजवळ लोकांना फिरवायची घोडागाडी होती आणि खिदिरपूरला तबेला. तबेला म्हणजे पत्र्याची एक शेड आणि तीत एकच घोडा. त्याचं नाव लाटसाहेब. युनूसमियाँ हसत होते. लाटसाहेबानं पहाटे दाण्याच्या खोलीची कडी तोंडानं उघडून हरभऱ्याचं पोतं गाठलं, हा त्यांना पराक्रम वाटत होता.

"कितने बजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"फ़जर की नमाज़ पढ़के आया तो देखा."

"कितना खाया?"

"आधा बोरा. लेकिन साहब, एकदम ठीक है. ख़ुश है!"

डॉक्टरांच्या हातातला चहाचा कप खाली गेला. इतक्या घाईनं बुटांच्या नाड्या बांधताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पेठे, तुम्ही उंच आहात. चला."

माझी उंची कशासाठी हवी होती ते तबेल्यात कळलं. डॉक्टरांनी लांब रबरी नळी घोड्याच्या नाकपुडीतून घातली. ती फुप्फुसात न जाता पोटातच गेली, याची दोन-तीनदा खात्री केली. दुसऱ्या टोकाला नरसाळं लावून ते माझ्या हातात दिलं आणि "वर" एवढंच म्हणाले. मी ते डोक्यावर धरून उभा. कोमट पाणी आत जाई, मग नळी खाली घेतली की पोटातलं बादलीत येई. आंबलेल्या पिठाचा वास आणि माझी रविवारची पांढरी पँट. हा प्रकार तासभर चालला. शेवटी कोळशाची पूड आणि पोट साफ व्हायला बाटल्या-बाटल्या पॅराफिनचं तेल आत गेलं. लाटसाहेबाला एवढा वेळ कुणी दिला नसावा. तो कान टवकारून शांत उभा होता.

"उलटी करून टाकील ना?" मी विचारलं.

"घोड्याला उलटी होत नाही. गेलं ते पुढंच जाणार," डॉक्टर म्हणाले. "युनूस, अब दाना बंद. घास भी जब मैं बोलूँ तब. अब पैर बचाना है."

युनूसमियाँनी माझ्याकडे पाहिलं. खाल्लं पोटानं आणि डॉक्टर पायांकडे बघतायत, याचा अर्थ मलाही लागेना. डॉक्टरांनी तो एकदाच सांगितला. इतकं धान्य आत आंबलं की त्याचं विष रक्तात उतरतं आणि दोन-तीन दिवसांनी खुरांत सूज येते. खूर पडला टणक, सुजेला फुगायला जागा नाही. मग आतलं हाड सुटतं आणि घोडा परत नीट उभा राहत नाही. सूज दिसली म्हणजे उशीर झालेला असतो. म्हणून पाय आत्तापासून बर्फात ठेवायचे. दोन दिवस, दोन रात्री, न थांबता.

"लेकिन साहब, आज इतवार है," युनूसमियाँ म्हणाले. "शाम को मैदान में भीड़ होगी. और घोड़े को कुछ हुआ ही नहीं!"

"इसीलिए," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी गाडीचा साज उचलून स्वतःच्या खुर्चीखाली ठेवला.

ट्रकच्या जुन्या ट्यूब कापून त्यांच्या पिशव्या घोड्याच्या पायांना बांधायच्या ठरल्या. बर्फ आणायला डॉक्टरांनी मला घरी पिटाळलं. म्हणाले, "शांताला घेऊन मासळीबाजारात जा. तिच्या ओळखीनं मिळेल."

मी हा निरोप जसाच्या तसा काकूंना दिला. काकू पोळी लाटायच्या थांबल्या. घर पक्कं शाकाहारी होतं, कांदासुद्धा श्रावणात बंद. "माझ्या ओळखीनं, असं म्हणाले?" त्यांनी दोनदा विचारलं. मग पिशवी घेतली. बाजारात शिरताच पहिला मासेवाला ओरडला, "आशुन बौदी, आज पाबदा खूब टाटका!" या वहिनी, आज पाबदा अगदी ताजा आहे, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्यानं त्यांच्या बहिणीची तब्येत विचारली. काकूंनी चेहरा अजिबात न बदलता चार लाद्या बर्फ घेतला. परत येताना रिक्षात म्हणाल्या, "बहिणीकडे जाते तेव्हाच खाते हो. वीस वर्षं यांना कळलं नाही असं मला वाटत होतं."

संध्याकाळपर्यंत लाटसाहेब चारी पाय बर्फात घालून उभा होता. चेहऱ्यावर साहेबी तुच्छता. गल्लीतली माणसं येऊन बघून जात. घोड्याला काय झालंय, असं विचारलं की युनूसमियाँ म्हणत, "घोड़े को कुछ नहीं, डॉक्टर को हुआ है."

सोमवारी दुपारी मी बँकेतून अर्धी रजा टाकून गेलो. वीज गेली होती, बर्फाचा कारखाना बंद पडला होता आणि पिशव्यांत पाणी झालं होतं. युनूसमियाँ एका पायाची पिशवी सोडत होते. डॉक्टर उठले, त्यांनी ती पिशवी परत बांधली. युनूसमियाँनी सोडली. डॉक्टरांनी परत बांधली. दोघांचे आवाज चढले नाहीत. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "मेरे मरीज़ को हाथ मत लगाओ," आणि घोड्याचा लगाम धरून त्याला रस्त्यावर घेऊन गेले. कोपऱ्यावर रस्ते धुवायचा गंगेच्या पाण्याचा नळ होता. तो पायानं उघडून त्यांनी घोड्याचे पुढचे पाय त्या धारेखाली धरले. सत्तरीला आलेला माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मी काकूंबरोबर तीन बाजार फिरून मिळेल तो बर्फ आणेपर्यंत दीड तास गेला. तेवढा वेळ ते तिथून हलले नाहीत.

मीही वैतागलो होतो. म्हणालो, "डॉक्टर, खरंच गरज आहे का? इतका ठीक दिसतोय."

ते घोड्याच्या खुरावर हात ठेवून वाकलेले होते. तसेच वाकून म्हणाले, "माझ्याकडे चंपा नावाची घोडी होती. फौजेत. तिनं असंच खाल्लं होतं. ठीक दिसत होती. मी नवीन होतो, म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही ठीक होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिला पाऊल उचलता येईना."

"मग?"

"मग आठवडाभर प्रयत्न केले. आणि मग मीच गोळी घातली. माझा निर्णय होता, दुसऱ्या कुणाला कशाला सांगायचं." सरळ होऊन त्यांनी हात पुसले. "तो बर्फ फोडा. बारीक हवा."

मी बर्फ फोडला. अगदी बारीक.

मंगळवारी सकाळी पिशव्या निघाल्या. डॉक्टरांनी चारी खुरांना हात लावून पाहिला, टाचेमागची नाडी पाहिली, मग घोड्याला दगडी फरसबंदीवर चालवलं, वळवलं. टप टप टप टप, चारी पावलं सारखी. ते परत परत चालवत राहिले. नंतर डॉक्टर भिंतीला टेकले आणि थोडा वेळ त्यांनी डोळे मिटून घेतले.

युनूसमियाँ म्हणाले, "देखा साहब? मैं पहले दिन से बोल रहा था. कुछ हुआ ही नहीं."

"हाँ," डॉक्टर म्हणाले, "कुछ नहीं हुआ." त्यांनी बॅग उचलली, हिरवं गवत किती आणि दाणा कधीपासून ते समजावलं, आणि आम्ही निघालो.

मला राहवेना. "त्या माणसाला तुम्ही काय केलंत ते कळलंच नाही!"

"त्याला ते कळायला घोडा जावा लागला असता," डॉक्टर म्हणाले. वाटेत काकूंसाठी पाबदा घ्यायचा का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, काकूंना तुम्हीच विचारा. ते म्हणाले, एवढं धाडस नाही.

पुढे माझी बदली नागपूरला झाली. चार वर्षांनी काकूंचं पत्र आलं. डॉक्टर झोपेतच गेले होते. भेटायला कोण कोण आलं ते काकूंनी सविस्तर लिहिलं होतं. त्यात युनूसमियाँही होते. बराच वेळ बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहब जैसा आदमी नहीं मिलेगा. बस, ज़रा डरते बहुत थे."

'मी चहा दिला,' काकूंनी लिहिलं होतं. 'निघताना विचारलं, घोडा कसा आहे? म्हणाला, बाहेरच उभा आहे. मी खिडकीतून पाहिलं. खरंच होता. ऊन चढलं होतं, रस्ता तापला होता, आणि तो चारी पायांवर नीट उभा होता.'