या नोंदी फक्त तुमच्या आहेत

लोकांच्या खाजगीपणाची काळजी वाहणाऱ्या माणसांचा मला अलीकडे राग येतो. मी स्वतः त्यांच्यातलीच एक होते, त्यामुळे जरा जास्तच येतो.

जगभर विखुरलेले आम्ही काही जण मिळून फोनची एक वेगळी प्रणाली तयार करत होतो. नेहमीच्या फोनमधून तुम्ही कुठे जाता, काय शोधता, कोणाशी बोलता हे सगळं कंपन्यांकडे पोचतं. आमच्या फोनमधून काहीच कुठे जाणार नव्हतं. पगार कोणालाच नव्हता. मी चंद्रपुरात एका छोट्या कंपनीच्या वेबसाइट सांभाळते. उरलेल्या वेळात या प्रणालीचं मराठी भाषांतर करायचे आणि नवी आवृत्ती आली की वापरून बघायचे.

माझा जुना फोन मी वहिनीला दिला. तोही याच प्रणालीवर चालणारा. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. ती, भाऊ, त्यांचा मुलगा आणि माझी आई पोंभुर्ण्याच्या बाजूला आमच्या गावी राहतात. फोन नावाला वहिनीचा. खरं तर आमच्या घरात फोन म्हणजे अंगणातली खाट, येईल तो बसतो. मुलाला कार्टून, आईला कीर्तन, आणि स्वतःच्या फोनची बॅटरी उतरली की भावाला क्रिकेट. फोनला लॉक नाही, कारण आमच्याकडे बाईच्या फोनला लॉक नसणं ही तिची अब्रू.

त्या फोनमध्ये नोंदी लिहायचं एक साधं अ‍ॅप आधीपासून होतं. पिवळ्या कागदाचं चित्र, दाबलं की उघडायचं. वहिनी त्यात काय लिहायची ते मला तांदूळ निवडताना तिनेच सांगितलं होतं. तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं, मासेमारी करणारं. वर्षातून फार तर दोनदा जाणं व्हायचं.

"आई म्हणते, सांग. अन् तिथी गेल्यावर मले काईच आठवत नाई, बाई," ती म्हणाली. "मंग परतीच्या बसमंदी बसली का सारं आठवते. म्हणून आता लिवून ठेवते."

प्रत्येक नोंद 'आईले सांगाचं' अशी सुरू व्हायची. घरात कोणी ते पान उघडून पाहिलं नाही. बचत गटाचा हिशोब असेल असं सगळ्यांना वाटायचं, आणि हिशोबाला आमच्या घरात कोणी हात लावत नाही.

मग प्रणाली बनवणाऱ्या आमच्या गटात वाद निघाला. प्रणालीबरोबर आपोआप येणारं नोंदींचं अ‍ॅप कोणतं असावं? शेवटी दोन उरली. एक हे जुनं, साधं. दुसऱ्यात प्रत्येक नोंद अशी बंद होणार की पासवर्डशिवाय ब्रह्मदेवालाही वाचता येणार नाही, आणि उघडताच पडद्याच्या मधोमध भलंमोठं कुलूप. लोक आठवडेच्या आठवडे भांडले. नोंदी उघडणारी आकड्यांची किल्ली कुठे ठेवावी, किती लांब असावी, अमक्या देशाच्या सरकारने फोन जप्त केला तर काय.

मी लिहिलं, आमच्याकडे फोन जप्त करायला सरकार लागत नाही. सातासमुद्रापलीकडची कंपनी वहिनीला वरणात मीठ का नाही म्हणून विचारायला येत नाही. विचारणारा शेजारच्या पाटावर बसलेला असतो, आणि त्याच्यासमोर असं कुलूप मिरवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. द्यायचंच असेल तर न दिसणारं कुलूप द्या, नाहीतर हे बावळट पिवळं पानच राहू द्या. बावळट दिसणं हाच आमच्या बायकांचा आडोसा आहे.

उत्तरं सभ्य होती. एकाने समजावलं की लपवणं म्हणजे सुरक्षा नव्हे. दुसरीने लिहिलं की घरच्या माणसांपासूनचा धोका आपल्या कक्षेत येत नाही, तो सामाजिक प्रश्न आहे. सामाजिक प्रश्न म्हटलं की शिकलेल्या माणसाचे हात धुऊन होतात. मतदान झालं आणि कुलूप निवडून आलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

भाषांतर अर्थातच माझ्याकडे आलं. कुलपाखाली एक वाक्य हवं होतं. मी लिहिलं, 'या नोंदी फक्त तुमच्या आहेत.' वाक्य छान जमलं होतं.

नवी आवृत्ती फोनमध्ये आपोआप उतरली आणि जुन्या नोंदीही कुलपाआड गेल्या. वहिनीचा फोन आला. "बाई, हे पासवर्ड मागून राह्यलं. पुढं जाऊच देत नाई." मी सांगितलं, काहीतरी टाक आणि विसरू नकोस. तिने टाकलं.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी दुपारी भावाचा फोन आला. मागे आईचा आवाज चढलेला.

"ह्या फोनात कुलूप काऊन हाय?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "भाऊ, ते आपोआप आलं आहे. सगळ्यांच्याच फोनमध्ये आलं."

"माह्या फोनात तं नाई आलं." त्याचा फोन साधा, बाजारातला. मग त्याने माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. "या नोंदी फक्त तुमच्या आहेत. फक्त तुमच्या म्हंजे? घरच्याच्या नाई?"

आई मागून म्हणाली, "कुलूप चोराच्या भेवानं लावतात. आपल्या घरात कोन चोर हाय, ते तं सांगा म्हणा तिले."

मी पुष्कळ बोलले. कंपन्या, माहिती, धोरण. माझ्याच कानांना ते खोटं वाटत होतं. तेवढ्यात वहिनीचा आवाज आला, "आणा इकडं." तिने पासवर्ड टाकला आणि फोन भावाच्या हातात परत दिला. आईला वाचता येत नाही, म्हणून भाऊ मोठ्याने वाचू लागला. त्याचा स्वतःचा फोन चालूच होता, त्यावरून मी ऐकत होते.

"आईले सांगाचं, पोराचा दात पडला, त्यानं घराच्या कवेलूवर फेकाच्या जागी चुलीत फेकला." भाऊ थोडा हसला. "आईले सांगाचं, कोंबडी खुडूक बसली पन पिल्लं चारच निंगाली." त्याने पुढची नोंद उघडली. "आईले सांगाचं, सासूले ताप होता, रातभर मी पाय दाबले. सकाळी तिनं पोरीले फोन करून सांगतलं, माह्याजवळ कोनी पानी द्याले बी नाई."

तो फोन मलाच आला होता.

भावाने तिथेच थांबायला हवं होतं. पण वाचायला घेतलं की त्याला थांबता येत नाही, शाळेत असल्यापासून. "आईले सांगाचं, हे माह्याशी बोलत नाईत. जेवता जेवता फोन पाह्यतात. मी काई म्हटलं का म्हणतात, मंग?"

हे म्हणजे तो. ते त्याला शेवटच्या शब्दावर आल्यावर कळलं.

त्यांना त्या कुलपात परका पुरुष सापडायची भीती होती. सापडले ते दोघं स्वतःच. परक्याचं नाव निघालं असतं तर निदान आरडाओरडा करता आला असता. इथे काय करायचं ते कोणाला सुचेना, म्हणून आईने नवा गुन्हा शोधला. "घरच्या गोष्टी माहेरी नेऊन वाटते," ती म्हणाली. भावाला तो लगेच पटला.

वहिनीला दिवाळीला पाठवलं नाही. तिचा भाऊ न्यायला आला, त्याला धान कापणीचं कारण सांगून चहावर परत पाठवलं. फोन आता भावाच्या खिशात असतो. मी गटाला सगळं लिहिलं. उत्तर आलं की अ‍ॅपमध्ये दोष दिसत नाही, पासवर्ड वापरणाऱ्या व्यक्तीनेच टाकला होता. त्यांचं बरोबर होतं. मी त्या दिवशी गट सोडला, आणि त्याने कोणाचं काही अडलं नाही.

उन्हाळ्यात माहेरी लग्न होतं म्हणून वहिनीला एकदाची पाठवली, भावाबरोबर. ती परतल्यानंतर तिच्या आईने शेजारच्या कोणाच्या तरी फोनवरून मला फोन केला.

"बाई, आमची पोरगी बोलत काऊन नाई?" म्हातारीने विचारलं. "पह्यले आली का चुलीपाशी बसून सारं सांगे. या खेपेले मी इचारत राह्यली, अन् ती म्हणे, सब ठीक हाय."

मी म्हटलं, "लग्नाची दगदग झाली असेल, मावशी."

"दगदग मलेही समजते," ती म्हणाली. "पह्यले ती रडे, बाई. आता रडत बी नाई."