दिवेलागणीनंतरचे पाहुणे

श्री. उकंडराव ढोके यांची आणि माझी पहिली गाठ एका पेटीवरून पडली. अकोल्याहून बदली होऊन मी अमरावतीच्या टपाल कचेरीत कारकून म्हणून आलो आणि दारातल्या पट्टेवाल्याला, म्हणजे यांनाच, पेटी आत न्यायला फर्मावले. ते शांतपणे म्हणाले, "बाबू, सरकारनं मले टपाल उचलाले ठेवलं. पेटी दोघाची हाये. धरा एक कडी." मी मुकाट्याने धरली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात इतर मंडळी त्यांची शिस्त वाखाणतीलच. मी त्यांच्या जेवणाविषयी लिहितो.

तो कापसाच्या तेजीचा काळ. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली आणि इकडे आमच्या बोंडांना सोन्याचा भाव. मुंबईचे भाव पत्राने कळत. हरकारे अकोल्याकडून थैली घेऊन दिवेलागणीला पोचत आणि अडत्यांना पत्र त्याच घटकेला हवे असे. पहाटेपासून राबलेले उकंडराव पुन्हा पेठ पालथी घालायला निघत. घरी त्यांची लहानगी चंद्रभागा होती. ते निघत तेव्हा ती झोपलेली, परतत तेव्हाही झोपलेली. "लेक वळखत नाही मले," असे ते एकदा म्हणाले आणि थैलीची गाठ सोडू लागले. मला फार वाईट वाटले. पोस्टमास्तरांना मात्र वाटले नाही. बाजार गरम आहे तोवर विसावा नाही, भाव उतरला की बसा, असे त्यांनी सुनावले.

आता नियम असा, की कामावर असताना पितळी बिल्ल्याचा पट्टा अंगावर हवा आणि दिवे लागले की तो कचेरीत जमा करायचा. काम वाढवताना मास्तर पट्टा विसरले. उकंडराव विसरले नाहीत. त्यांनी पट्टा खुंटीला टांगला, पत्र मुंडाशात खोचले आणि हिरालालशेठ अडत्यांच्या पेढीवर रामराम करून थेट गादीवर बसले. शेठनी पत्रासाठी हात पुढे केला.

"पट्टा उतरवला, शेठ. आता मी पाव्हना हाये. पाव्हन्याले आंधी पानी तं इचारा."

दारी आलेल्याला उपाशी धाडले तर वऱ्हाडात माणूस नजरेतून उतरतो, त्यात पेढीवर चार गिऱ्हाईके बसलेली. पाणी आले, गूळ आला, मग ताट आले. उकंडराव मुळातच सावकाश जेवणारे. बैलांच्या खुरांपासून शेठाणींच्या गुडघ्यांपर्यंत सगळ्यांची विचारपूस झाली, पान झाले, तेव्हा कुठे मुंडाशातून पत्र निघाले. शेठाणी बेहद्द खूश. त्यांच्या गुडघ्यांची चौकशी त्या घरात कधी कुणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून बाकीचे पट्टेवालेही पाहुणे झाले. एकाने तर हिवरखेडहून आलेल्या सासऱ्यांनाही सोबत नेले. पेठेतल्या चुली विझेनात. अखेर शेठ तक्रार घेऊन आले आणि नोकरीवरून काढतो, असा मास्तरांनी उकंडरावांना दम भरला. नोकरी जाती तर घर उघड्यावर पडते. पण ते मागे हटले नाहीत.

"काहून काढता, मास्तर? पट्टा घालून मी कोनाच्या घरी जेवलो का?"

मास्तरांनी नियमांचे पुस्तक उलटेपालटे केले. पट्टा काढलेल्या माणसाने कुठे जेवावे, यावर त्यात अक्षर नव्हते. शेवटी अडत्यांनीच अर्ज केला, की पत्रे सगळ्यांना सकाळीच द्यावीत. सगळ्यांनाच सकाळी मिळणार म्हटल्यावर कुणाचे काही बुडत नव्हते.

अर्ज मंजूर झाला त्या संध्याकाळी उकंडरावांनी मला घरी जेवायला नेले. चंद्रभागा दाराआडून त्यांच्याकडे टकामका बघत होती. तिने आईचा पदर ओढून विचारले, "माय, हा पाव्हना जेवून जाईन का?"

उकंडराव पाटावरून उठले आणि त्यांनी तिला उचलून घेतले.

"नाई वं माय. हा राह्याले आला."

मी ताटात मान घातली आणि ठेचा फार तिखट झाल्याचे सांगितले.

चंद्रभागाबाईंना आज नातवंडे आहेत. उकंडरावांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. "आबा, घडीभर बाहेर तं जा," असे त्या पोरांनी कंटाळून म्हणत राहावे, आणि यांनी जागचे हलू नये.