बाळकुमचा करंडा

माझी नोकरी ठाण्याच्या कचेरीत, आणि नाद जमिनीत पुरलेलं शोधण्याचा. रविवारी जेवण झालं की टोकदार लोखंडी सळई घेऊन मी निघायचो. पडक्या देवळांच्या मागं, जुन्या तळ्यांच्या काठी ती जमिनीत खुपसायची आणि हाताला काय कळतं ते बघायचं. नुसती माती असेल तर सळई गपकन आत जाते, खापराला लागली की करकरते, दगडावर आपटली तर मनगटाला झिणझिण्या येतात. इतक्या वर्षांत मिळाली ती चार गंजकी नाणी आणि हात तुटलेली एक पितळी बाहुली. धन सापडेल ही आशा मात्र सुटत नव्हती.

बाळकुमच्या एका आगरी शेतकऱ्याला ते न शोधताच सापडलं. खाडीकडच्या शेताला बांध घालताना त्याच्या कुदळीखाली दगडी करंडा आला, नारळाएवढा, झाकण घट्ट बसलेलं. त्यानं तो उघडला नाही. बायकोनं धुऊन, शेंदूर लावून उंबराखाली मांडला. तिची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. करंडा आल्यावर झालेली मुलगी जगली. तेव्हापासून तो त्यांचा देव.

कचेरीत आलेल्या त्यांच्या शेजाऱ्यानं मला हे सहज सांगितलं. पुढच्याच रविवारी मी बाळकुमला गेलो. करंडा पाहिला आणि माझं मन थाऱ्यावर राहिलं नाही. मी त्यांना कायदा ऐकवला: जमिनीत सापडलेली मौल्यवान चीज सरकारला कळवावी लागते, लपवली तर शिक्षा होते. एवढं खरं होतं. मी ती कचेरीत जमा करतो, तुमच्यावर काही येणार नाही, हे मात्र खोटं. नवरा घाबरला. बायकोनं करंडा धुतलेल्या फडक्यात बांधून दिला आणि त्याला उन्हात ठेवू नका, असं सांगितलं.

घरी परसात बसून मी झाकण काढलं. आत पातळ सोन्याची दोन फुलं, स्फटिकाचे मणी आणि मूठभर राख, तीत हाडाचे बारीक तुकडे. राख मी उकिरड्यावर झटकली. बाकीचं पुसून, करंड्यासकट, फिरतीवर आलेल्या एका साहेबाकडे नेलं. त्याला जुन्या वस्तूंचं वेड होतं. मला पैसा नको होता. त्यानं मला जाणकार म्हणावं, एवढीच हाव. त्यानं बसायला खुर्ची दिली, माझा हात हातात घेतला, आणि मी सगळं देऊन टाकलं. मग त्यानं विचारलं, आत राख नव्हती का? फार जुन्या काळी कुणा थोर साधूच्या अस्थी अशा करंड्यात ठेवत; खरा ठेवा तोच. मी नव्हती म्हणालो.

घरी येऊन मी उकिरडा उकरला, आधी सळईनं, मग हातांनी. रोजच्या चुलीची राख आणि ती राख, वेगळी ओळखायची कशी? साहेब पुढच्या महिन्यात आगबोटीनं विलायतेला गेला.

दर सुगीला तो शेतकरी नवे तांदूळ घेऊन दारात यायचा. कचेरीत देवाला नैवेद्य दाखवा म्हणायचा, देव बरा आहे ना विचारायचा. बरा आहे, मी सांगायचो. ते तांदूळ आमच्याच घरात शिजत. असं सात वर्षं चाललं.

आठव्या वर्षी त्याची बायको एकटी आली, कपाळ मोकळं. नवरा तापानं गेला होता. मरताना त्यानं तिला देवाचं एकदा दर्शन घेऊन ये म्हणून सांगितलं होतं. लांबून दाखवलात तरी चालेल, ती म्हणाली.

मग मला सांगावंच लागलं. करंडा रिकामा करून साहेबाला दिला आणि साहेब विलायतेला गेला, एवढं ओटीवर उभ्या उभ्या सांगितलं. ती रडली नाही. तिनं विचारलं,

"आत काय व्हतं?"

"राख होती. कुणा साधूची."

"ती कुठं टाकलीत?"

"खाडीत," मी म्हणालो.

तिचा चेहरा जरा निवला. "मंग बरं क्येलंत. जागा दाखवा."

मी तिला खाडीवर नेलं आणि बोट दाखवलं, मनाला येईल तिथं. ती गुडघाभर पाण्यात उतरली. पदरात आणलेले तांदूळ तिनं तिथं सोडले, नवऱ्याचं नाव घेतलं, आणि घरचं माणूस गेल्यावर करतात तसं डोक्यावरून पाणी घेतलं. काठावर मीही हात जोडून उभा राहिलो. वर आल्यावर ती ओल्या लुगड्यानिशी माझ्या पाया पडली. मी तिला अडवलं नाही.

त्यानंतर ती पाच-सहा वर्षं होती. बाळकुम माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर. मी गेलो नाही.